क्लाउडफ्लेअरची पायथन लायब्ररी: क्रियापदांची चिकित्सा

प्रस्तावना

आज्ञावली चालते की नाही, एवढ्यावरच तिचे मूल्यमापन करण्याची प्रथा रूढ आहे. तथापि एखादी संस्था आपली सेवा ज्या नामांनी व क्रियापदांनी प्रोग्रामरच्या हाती देते, तीही एक संहिताच होय. तिचा अर्थ लावला जातो आणि तो चुकीचाही लावला जाऊ शकतो. 2010 मध्ये सेवा सुरू करणारी क्लाउडफ्लेअर ही कंपनी संकेतस्थळ व त्याचा वापरकर्ता यांच्या मध्ये उभी असते. डोमेनच्या नोंदी, पानांच्या प्रतींची साठवण आणि हल्ल्यांपासून संरक्षण ही तिची प्रमुख कामे होत. ही कामे डॅशबोर्डवर हाताने करता येतात, तसेच एपीआयमार्फत पायथन स्क्रिप्टमधूनही करता येतात. त्यासाठी कंपनीने दिलेल्या लायब्ररीच्या दोन पिढ्यांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन पिढ्यांची रचना

पहिली पिढी हस्तलिखित होती. तिची नावे एपीआयच्या पत्त्यांचा आरसा होती. पत्त्यात आधी झोन व मग डीएनएस नोंदी येत, म्हणून आज्ञेतही तोच क्रम असे. क्रियापदे एचटीटीपीचीच: गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट. ही भाषा रुक्ष होती. मात्र जे वाचावे तेच घडे. 2024 मध्ये कंपनीने पायथन, गो व टाइपस्क्रिप्ट यांच्या लायब्ररी ओपनएपीआय वर्णनावरून यंत्राद्वारे तयार करण्याचा मार्ग स्वीकारला. नव्या पिढीत नामांची मांडणी बदलली आणि लिस्ट, क्रिएट, अपडेट, एडिट अशी क्रियापदे आली. परिणामी जुन्या स्क्रिप्ट फेरलेखनाशिवाय नव्या आवृत्तीवर चालेनाशा झाल्या.

या बदलाचा लाभ नाकारता येणार नाही. झोनची यादी मागितल्यास एपीआय एका पानावर मुळात 20 नोंदी देते. जुन्या लायब्ररीत पुढील पाने मागण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची होती. समजा, एखाद्या संस्थेकडे 35 डोमेन आहेत व स्क्रिप्ट पहिल्या पानावरच थांबते. अशा वेळी 15 डोमेन अस्पर्शित राहतात, तरीही कोणतीही त्रुटी दर्शविली जात नाही. अपुरे उत्तर पूर्ण उत्तरासारखे दिसणे, हा येथील खरा धोका होता. नव्या लायब्ररीत यादीवर फेरी चालविली की पुढील पाने आपोआप मागविली जातात.

‘अपडेट’ या शब्दाचा प्रश्न

मात्र एक गुंता सुटताना दुसरा निर्माण झाला आहे. डीएनएस नोंद बदलण्याचे दोन मार्ग आहेत. पुट ही विनंती संपूर्ण नोंद नव्याने लिहिते. पॅच ही विनंती दिलेला भागच बदलते. नव्या लायब्ररीत पुटला ‘अपडेट’ व पॅचला ‘एडिट’ असे नाव मिळाले आहे. याउलट, एपीआयच्या माहितीपानांत पुटचे शीर्षक ‘ओव्हरराइट’ आणि पॅचचे शीर्षक ‘अपडेट’ असे आहे. म्हणजे एकच शब्द दोन ठिकाणी दोन भिन्न कृतींसाठी वापरला जातो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ‘अपडेट’ म्हणजे थोडीशी दुरुस्ती, असा सर्वसाधारण समज असतो. त्या समजुतीने फक्त नवा पत्ता देऊन आज्ञा चालविणाऱ्याला नोंदीचे इतर तपशील जसेच्या तसे राहतील, असे गृहीत धरता येत नाही. त्या तपशिलांत प्रॉक्सी चालू की बंद, हाही एक असतो. प्रॉक्सी बंद झाल्यास डीएनएसच्या उत्तरात मूळ सर्व्हरचा पत्ता उघड होतो आणि ज्या संरक्षणासाठी ही सेवा घेतली, तेच गळून पडते. एका क्रियापदाची किंमत एवढी मोठी असू शकते.

अधिकाराची भाषा

क्रियापदाबरोबरच कर्त्याचाही विचार करावा लागतो. स्क्रिप्ट कोणाच्या अधिकाराने बोलते? जुन्या पद्धतीत ईमेल व ग्लोबल एपीआय की यांची जोडी वापरली जाई. ती की म्हणजे खातेदाराचे जणू कोरे मुखत्यारपत्रच. 2019 मध्ये आलेल्या एपीआय टोकनमुळे ‘या एकाच झोनच्या डीएनएस नोंदी बदलण्यापुरता’ असा मर्यादित अधिकार देणे शक्य झाले. लायब्ररी मात्र दोन्ही पद्धती स्वीकारते. विवेक लिहिणाऱ्यानेच दाखवावयाचा आहे.

स्वयंचलनाची मर्यादा

12 सप्टेंबर 2025 रोजी क्लाउडफ्लेअरच्या डॅशबोर्डमधील एका दोषामुळे एकाच सेवेकडे वारंवार अनावश्यक विनंत्या जाऊ लागल्या. ती सेवा कोलमडली; आणि एपीआय विनंत्यांचे अधिकार तपासण्यात तिचा सहभाग असल्याने एपीआयही बंद पडले. संकेतस्थळे पोहोचविणारे जाळे मात्र सुरू होते. या घटनेचा बोध स्पष्ट आहे. डॅशबोर्ड बंद पडल्यास स्क्रिप्ट तारून नेईल, ही अपेक्षा निराधार ठरू शकते. कारण वरून दोन भासणाऱ्या दरवाजांची चौकट आत एकच असते. म्हणून डीएनएस नोंदींची प्रत स्वतःजवळ नियमितपणे उतरवून ठेवणे, हे स्क्रिप्टचे पहिले काम मानावयास हवे.

निष्कर्ष

यंत्रनिर्मित लायब्ररीने पूर्णता आणली, परंतु नावांची जबाबदारी नियमावलीवर सोपविली. नियमावलीला सुसंगती कळते. वाचणाऱ्याच्या मनातील अर्थ कळत नाही. त्यामुळे एका नोंदीत बदल करताना ‘एडिट’च वापरणे, अधिकार मर्यादित टोकनपुरता ठेवणे, लायब्ररीची आवृत्ती निश्चित करून ठेवणे आणि आज्ञेमागील मूळ एचटीटीपी क्रिया एकदा तपासून पाहणे, ही पथ्ये आवश्यक ठरतात. महाविद्यालयांतून पायथनचे व्याकरण शिकविले जाते. त्याच्या जोडीने अशा क्रियापदांचे अर्थशास्त्र नव्हे, तर अर्थविचार शिकविला जाणे अधिक निकडीचे आहे.