२५० कोटींचा एक किलोमीटर: छेद कुठला धरायचा?

दर किलोमीटरला २५०.७७ कोटी रुपये. द्वारका एक्सप्रेसवेचा हा आकडा तुम्ही नक्की ऐकला असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतमाला परियोजनेच्या पहिल्या टप्प्यावरचा कॅगचा, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत मांडला गेला. २०२३ चा अहवाल क्रमांक १९. त्यात दिल्ली-गुरुग्राम पट्ट्यातल्या या रस्त्याबद्दल लिहिलं होतं की मंत्रिमंडळ समितीने मंजूर केलेला खर्च किलोमीटरमागे १८.२० कोटी होता आणि प्रत्यक्षात तो २५०.७७ कोटी मंजूर झाला. जवळजवळ चौदा पट! आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, भाषणांत आला, मीम्स झाली. सरकारी धोरणावर संशोधन करू बघणाऱ्या कुणालाही तो सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात टाकायचा मोह होईल. म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं असं आहे की या अहवालातला सर्वांत गाजलेला आकडा हाच त्यातला सर्वांत कच्चा आकडा आहे. सरकारला खरोखर उत्तर द्यायला लावतील असे आकडे त्याच अहवालात आहेत, पण त्यांच्याकडे फारसं कुणी वळलं नाही. यात कॅगचाही थोडा दोष आहे आणि आपला वाचकांचा बराच.

आधी २५०.७७ कुठून आला ते बघू. रस्त्याची लांबी २९.०६ किमी, खर्च ७,२८७.२९ कोटी. भागाकार केला की २५०.७७ येतात. गणितात काही चूक नाही. चूक तुलनेत आहे. १८.२० कोटी हा एक सरासरी दर होता. देशभरातले साधे, जमिनीवरून जाणारे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून काढलेला. द्वारका एक्सप्रेसवे आठ लेनचा उन्नत मार्ग आणि खाली सहा लेनचा रस्ता अशा रचनेचा आहे. मंत्रालयाने नेमकं इथेच बोट ठेवलं. नितीन गडकरींनीही २९ किमी ही लांबी धरू नका, लेनची लांबी मोजा, असा युक्तिवाद केला. शिवाय निविदा अंदाजापेक्षा सुमारे १२ टक्के कमी दराने दिल्या, हेही सांगितलं गेलं.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याने काय करावं? बाजू घ्यायच्या आधी एकक बदलून बघावं. समजा आपण मंत्रालयाचं म्हणणं मान्य केलं आणि लेन-किलोमीटरमध्ये हिशेब मांडला. २९.०६ किमी गुणिले १४ लेन म्हणजे साधारण ४०७ लेन-किमी. (सगळीकडे सरसकट १४ लेन नाहीत, पण ढोबळ अंदाजाला चालेल.) ७,२८७ भागिले ४०७ म्हणजे लेन-किलोमीटरमागे १७.९ कोटी. दुसऱ्या बाजूला १८.२० कोटींचा किलोमीटर चार लेनचा धरला तर लेनमागे ४.५५ कोटी, सहा लेनचा धरला तर ३.०३ कोटी. म्हणजे चौदा पटीचे झाले चार ते सहा पट.

इथे दोन्ही बाजू अर्धवट थांबतात. टीका करणारे चौदा पटीवर थांबले. समर्थन करणारे “लेन मोजा” यावर थांबले, पण लेन मोजून झाल्यावरही चार-सहा पटीचं अंतर शिल्लक राहतं, त्याबद्दल बोलले नाहीत. उन्नत मार्ग महाग असतो, मान्य. मग प्रश्न किमतीचा राहत नाही. प्रश्न असा होतो, की उन्नत मार्ग का बांधला?

आणि बघा, कॅगच्या अहवालातला खरा धारदार भाग याच प्रश्नावर आहे. NH-४८ वरची गर्दी कमी करायला १४ लेनचा रस्ता करायचा हे ठरलेलं होतं. हरियाणाच्या हद्दीतल्या १९ किमीसाठी राज्य सरकारने ९० मीटर रुंदीची जागा महामार्ग प्राधिकरणाला विनामूल्य दिली होती. जमिनीवरच १४ लेन करायच्या तर ७० ते ७५ मीटर पुरतात. म्हणजे जागा हाताशी होती. तरीही आठ लेन वर उचलल्या गेल्या. का, याचं कारण नोंदीत नाही, असं कॅग म्हणतं.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो वाहतुकीचा आकडा. उन्नत आठ लेन ज्या आंतरशहरी वाहतुकीसाठी बांधल्या, ती दिवसाला सरासरी ५५,४३२ प्रवासी वाहनांची. खालच्या सहा लेन ज्या वाहतुकीसाठी, ती २,३२,९५९ वाहनांची. मंत्रालयाचंच लेनचं एकक इथे वापरून बघा: वर लेनमागे सुमारे ६,९०० वाहनं, खाली लेनमागे सुमारे ३८,८००. साडेपाच पटीहून जास्त फरक, आणि तोही उलट्या दिशेने. मंत्रालयाचं उत्तर अहवालातच छापलेलं आहे. आंतरराज्य वाहतूक विनाअडथळा जावी म्हणून कमीत कमी प्रवेश-निर्गम असलेला आठ लेनचा उन्नत मार्ग ठरवला, असं ते एप्रिल २०२२ चं उत्तर. उद्देश समजतो. पण त्या उद्देशासाठी आठच लेन का, चार का नाहीत, याचं उत्तर त्यात मिळत नाही. २५० कोटींच्या गदारोळात हा प्रश्न कुणी लावून धरल्याचं मला आठवत नाही. मंत्रालयाच्या दृष्टीने तर बरंच झालं. चुकीच्या तुलनेला उत्तर देणं सोपं असतं.

आता द्वारका सोडून देऊ आणि मुख्य कार्यक्रमाकडे येऊ, कारण उत्तरदायित्वाचा मोठा मामला तिथे आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समितीने भारतमालाच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली: ३४,८०० किमी, ५,३५,००० कोटी रुपये, मुदत सप्टेंबर २०२२. किलोमीटरमागे १५.३७ कोटी. ३१ मार्च २०२३ ची स्थिती अशी की २६,३१६ किमीची कामं मंजूर झाली होती आणि त्यांचा मंजूर खर्च होता ८,४६,५८८ कोटी. किलोमीटरमागे ३२.१७ कोटी. म्हणजे दुपटीहून जास्त.

इथे एक चांगला टीकाकार स्वतःलाच हटकतो. थांब, आधी हातात घेतलेली कामं महागडी असतील, उरलेली स्वस्त असतील, तर सरासरी खाली येईल की! आक्षेप योग्य आहे. संशोधनात अशा वेळी आपण टोकाची शक्यता धरून बघतो. समजा, उरलेले ८,४८४ किमी कुणीतरी फुकटात बांधून दिले. एक रुपयाही खर्च नाही. तरी ८,४६,५८८ भागिले ३४,८०० म्हणजे किलोमीटरमागे २४.३३ कोटी होतात. मंजुरीच्या दीडपटीहून जास्त. सरकारला जितकी सवलत देता येईल तितकी, खरं तर शक्यतेच्या बाहेरची, दिली तरी निष्कर्ष बदलत नाही. हा आकडा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये टाका. यावर “लेन मोजा” म्हणून सुटका नाही, कारण दोन्ही बाजूंना एकच कार्यक्रम आहे आणि वचनही सरकारने स्वतःच दिलेलं आहे. खर्च वाढायची कारणं असू शकतात, व्याप्ती बदलली असेल, जमिनीचा मोबदला वाढला असेल. ती सांगावीत. पण ती सांगायची जबाबदारी मग सांगणाऱ्यावर येते, विचारणाऱ्यावर नाही.

पूर्ण झालेल्या कामाचंही असंच आहे. मार्च २०२३ पर्यंत १३,४९९ किमी बांधून झाले. कॅगने याला ३८.७९ टक्के म्हटलं, म्हणजे छेद ३४,८०० चा घेतला. हाच आकडा २६,३१६ ने भागला तर ५१.३ टक्के होतात, अर्ध्याहून जास्त काम झालं असं म्हणता येतं. दोन्ही बरोबर आहेत! फक्त प्रश्न वेगळे आहेत. “कंत्राटदारांनी घेतलेलं काम किती उरकलं” असं विचारायचं असेल तर दुसरा. “२०१७ मध्ये देशाला काय सांगितलं होतं” असं विचारायचं असेल तर पहिला. मुदत उलटून सहा महिने झाले होते, त्यामुळे धोरणाचा हिशेब मागताना पहिलाच छेद धरायला हवा असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण कुठला छेद घेतला आणि का, हे लिहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नका.

जाता जाता एक गंमत. महामार्ग बांधणीच्या वेगाचा आकडा मंत्रालय दरवर्षी देतं. २०२०-२१ मध्ये १३,३२७ किमी, म्हणजे दिवसाला साधारण ३७ किमी, असा विक्रम जाहीर झाला. हे किलोमीटर लांबीचे आहेत, लेनचे नाहीत. दोन लेनच्या रस्त्याचा एक किमी आणि आठ लेनच्या द्रुतगती मार्गाचा एक किमी, दोन्ही तिथे एकच. म्हणजे वेग सांगताना लांबी आणि खर्च विचारला की लेन. मी यात लबाडी आहे असं म्हणत नाही. पण एकच एकक दोन्हीकडे वापरा, एवढं तरी आपण मागू शकतो. वेगाचा आकडाही लेन-किलोमीटरमध्ये मांडला तर कुठल्या वर्षी खरोखर जास्त काम झालं ते कदाचित वेगळंच दिसेल. कुणाला एमएच्या प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या.

अहवाल कसा वाचायचा, तेही सांगतो, कारण अनेक जण फक्त सुरुवातीचा सारांश वाचतात. कॅगच्या परफॉर्मन्स ऑडिटमध्ये प्रत्येक आक्षेपाची एक ठरलेली घडण असते. आधी निकष, म्हणजे काय व्हायला हवं होतं. मग काय आढळलं. मग मंत्रालयाचं उत्तर, महिन्यासकट. आणि शेवटी ते उत्तर ऑडिटला पटलं की नाही आणि का. खरा वाद या शेवटच्या दोन भागांत चालतो. द्वारकाचा परिच्छेद असा वाचला असता तर लोक २५०.७७ वर न थांबता “नोंदीत समर्थन नाही” या शब्दांवर थांबले असते. ऑडिटच्या भाषेत याला फार वजन असतं. निर्णय चुकीचा होता असं ते म्हणत नाही. निर्णय का घेतला हे फायलीत सापडत नाही असं म्हणतं, आणि माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चुकीचा निर्णय पुढच्या वेळी सुधारता येतो. कारणच लिहून ठेवलेलं नसेल तर काय सुधारायचं?

अहवाल मांडल्यावर पुढे काय होतं, याकडेही आपलं लक्ष नसतं. संविधानाच्या कलम १५१ प्रमाणे तो राष्ट्रपतींकडे जातो, तिथून दोन्ही सभागृहांत. मग लोकलेखा समितीकडे. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे जास्तीत जास्त २२ सदस्य, आणि १९६७ पासूनच्या प्रथेप्रमाणे अध्यक्ष विरोधी पक्षाचा. मंत्रालयाने प्रत्येक आक्षेपावर काय कारवाई केली याची टिप्पणी चार महिन्यांत द्यायची असते. बातमी चार दिवस टिकते, टिप्पणी चार महिन्यांनी येते. तोवर कुणाला आठवणही नसते. संशोधकाला मात्र घाई नसते, हा आपला फायदा आहे.

आणि मूळ कागद हवे असतील तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. अर्ज करताना “उन्नत मार्ग का बांधला” असं विचारू नका. त्या कायद्याखाली उपलब्ध नोंदी मिळतात, कारणमीमांसा तयार करून मिळत नाही, आणि अशा अर्जाला एका ओळीत नकार येतो. प्राधिकरणाच्या मंडळाच्या बैठकीसमोर ठेवलेल्या प्रस्तावाची प्रत मागा, त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागा, वाहतूक सर्वेक्षणाच्या अहवालाची प्रत मागा. नेमका कागद, नेमका कालावधी. केंद्राच्या कार्यालयांना दहा रुपये शुल्क लागतं आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. “अशी नोंद उपलब्ध नाही” असं उत्तर आलं तर निराश होऊन ते फेकून देऊ नका. तारीख, जावक क्रमांक नीट लिहून प्रबंधाच्या परिशिष्टात लावा.