‘रिकामा’, ‘खोळंबलेला’ आणि ‘अडवून बसलेला’ : संगणकाच्या गाभ्यातील कामकऱ्यांच्या परिभाषेची चिकित्सा

परिभाषेची खरी परीक्षा कोशात होत नाही, वापरात होते. एखादी संज्ञा व्युत्पत्तीने निर्दोष आणि उच्चारास सुकर असेल. तथापि तिच्या आधारे वाचकाने काढलेला निष्कर्ष चुकीचा निघत असेल, तर ती संज्ञा सदोषच मानली पाहिजे. औरंगपुऱ्यातील आमच्या घरी संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी आपली मराठी टिपणे भाषेच्या दृष्टीने तपासून घेण्यासाठी आला होता. विषय लिनक्स या प्रणालीच्या अंतर्रचनेचा. त्या टिपणांत एक वाक्य होते : ‘झोपलेला कामगार पाच मिनिटांनी काढून टाकला जातो.’ व्याकरणदृष्ट्या वाक्यात काहीच उणे नव्हते. विधान म्हणून मात्र ते एका प्रकारच्या कामगाराविषयी खरे व दुसऱ्याविषयी सर्वस्वी खोटे होते. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हता. ‘झोपणे’ या शब्दाचा होता. तो कसा, हे पाहण्यासाठी प्रथम मूळ व्यवस्था समजून घेणे अवश्य आहे.

प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, कित्येक कामे तत्काळ न करता पुढे ढकलावी लागतात. एखाद्या उपकरणाकडून माहिती आल्याची सूचना मिळाली की तिची नोंद झटपट घ्यायची आणि उरलेले काम रांगेत लावायचे; ते पडद्यामागील एखादा थ्रेड सवडीने पुरे करतो. अशा थ्रेडला वर्कर म्हणतात. येथे त्यास ‘कामकरी’ म्हटले आहे. कारण ‘कार्यकर्ता’ म्हटले की मराठी वाचकास सभा आणि मोर्चे आठवतात.

ही वर्कक्यू नावाची योजना इंगो मोल्नार यांनी २००२ साली लिनक्समध्ये आणली. तिच्या बहुतेक रांगांना प्रत्येक प्रोसेसरमागे एक स्वतंत्र कामकरी असे. मराठवाड्यातील वाचकास ही रीत सालगड्यांवरून चटकन उमगेल : काम असो वा नसो, प्रत्येक जमीनदाराचा गडी निराळा आणि एकाचा गडी दुसऱ्याच्या शेतात जायचा नाही. रांगा वाढल्या, प्रोसेसर वाढले, तशी कामकऱ्यांची संख्या या दोहोंच्या गुणाकाराने फुगली. काही यंत्रांत तर ती सुरू होतानाच मुळातले सुमारे ३२ हजार प्रक्रिया-क्रमांक संपून जात. इतके असूनही एका रांगेचा कामकरी अडला, तर शेजारच्या रांगेचा मोकळा कामकरी तिच्या मदतीस येऊ शकत नसे. म्हणजे गर्दीही होती आणि तुटवडाही होता.

२०१० साली लिनक्सच्या २.६.३६ या आवृत्तीत तेजुन हिओ यांनी ही रचना बदलली. कामकरी रांगांच्या मालकीचे राहिले नाहीत. ते सर्व रांगांना सामाईक झाले. सालगड्यांच्या जागी मजूर अड्डा आला, असे म्हणता येईल. प्रत्येक प्रोसेसरच्या अड्ड्याचा नियम थोडक्यात असा : जोवर एक तरी कामकरी प्रत्यक्ष काम करीत आहे, तोवर नव्या कामास दुसरा लावायचा नाही, शेवटचा काम करणारा कशासाठी तरी थांबला की त्याच क्षणी दुसऱ्यास उठवायचे. गरजेहून अधिक रिकामे कामकरी सुमारे पाच मिनिटांनी कमी करायचे. या नियमात कामकरी किती आहेत, यापेक्षा या घटकेस कोण कोणत्या अवस्थेत आहे, यास महत्त्व आहे. म्हणूनच अवस्थांची नावे येथे केवळ सोयीची लेबले नसून ती योजनेचा कणा आहेत.

आता मूळ अडचणीकडे वळू. कर्नेलच्या दृष्टीने, हाती काम नसलेला कामकरी झोपलेला असतो आणि हातातले काम अर्धे टाकून डिस्कच्या उत्तराची वाट पाहणाराही झोपलेलाच असतो. ‘स्लीप’ची छाया दोघांवरही पडते. इंग्रजी वाचक संदर्भाने निभावून नेतो. मराठीत ‘झोपणे’ असा शब्दास शब्द ठेवला की तो आधारही सुटतो. पहिला कामकरी पाच मिनिटांनी काढला तर काहीच बिघडत नाही. दुसरा काढला तर त्याच्या हातातले काम बुडेल. म्हणून त्यास कोणी काढीत नाही. विद्यार्थ्याच्या वाक्यात हे दोघे एकच झाले होते.

वस्तुतः मराठीने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. ‘रिकामा’ हे विशेषण कारणाची अपेक्षा करीत नाही. माणूस नुसता रिकामा असू शकतो. ‘खोळंबणे’ हे क्रियापद मात्र तीन गोष्टी गृहीत धरते : हाती काही काम आहे, ते बाहेरच्या कारणाने थांबले आहे, आणि कारण दूर होताच ते पुढे चालेल. ‘तो खोळंबला’ म्हणताच ‘कशापायी?’ हा प्रश्न आपोआप उठतो. ‘तो झोपला’ या वाक्यातून असा प्रश्न उठत नाही. जी माहिती समजावण्यास शिक्षकाला एरवी एक परिच्छेद खर्चावा लागेल, ती या क्रियापदाच्या अर्थातच सामावलेली आहे.

तथापि प्रत्येक देशी शब्द असाच उपकारक ठरेल, असे मानण्याचे कारण नाही. खोळंबलेल्या कामकऱ्याच्या वेळी ज्यास उठवतात, त्यास ‘बदली’ म्हणावे, असे कोणी सुचवील. मुंबईच्या कापडगिरण्यांमुळे हा शब्द मराठीत घट्ट रुजलेला आहे. परंतु गिरणीतला बदली कामगार गैरहजर माणसाच्याच जागी, त्याच्याच यंत्रावर उभा राही. येथे तसे घडत नाही. खोळंबलेल्याचे काम त्याच्याच हाती राहते; उठवलेला कामकरी रांगेतले दुसरे काम घेतो. ‘बदली’ म्हटल्यास वाचक अर्धे काम दुसऱ्याकडे सोपवले गेले असे समजेल. शब्द ओळखीचा आहे, एवढ्यावर तो स्वीकारता येत नाही. त्याची ओळख कोणत्या व्यवहाराशी आहे, हेही पाहिले पाहिजे.

यावर आक्षेप घेतला जाईल की, ‘आयडल’ आणि ‘ब्लॉक’ हे शब्द नागरीत लिहिले की काम भागते. संकेतावलीतील नावे जशीच्या तशी ठेवावीत, हे आम्हांस मान्यच आहे. ‘थ्रेड’ला ‘धागा’ म्हटल्याने ज्ञानात काहीच भर पडत नाही. परंतु ‘ब्लॉक’चा वर्गातील वापर पाहावा. ‘हा वर्कर ब्लॉक झाला’ आणि ‘हा वर्कर ब्लॉक करतो’ ही वाक्ये विद्यार्थी एकमेकांच्या जागी वापरतात. अवस्था मात्र परस्परविरुद्ध आहेत. वर सांगितलेल्या नियमास एक फट आहे. जो कामकरी कधी थांबतच नाही, अखंड गणित करीत राहतो, तो हिशेबात ‘चालू’ दिसतो. म्हणून दुसऱ्या कोणास लावले जात नाही आणि मागची रांग तशीच राहते. हा खोळंबलेला नव्हे. हा अडवून बसलेला. अशा कामाची पूर्वसूचना प्रोग्रामरने द्यावी, अशी सोय आधीपासून होती. २०२३ सालच्या ६.५ या आवृत्तीपासून, कोणी प्रोसेसर सलग १० सहस्रांश सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवला, तर त्यास त्या हिशेबातून आपोआप वगळले जाते. खोळंबणारा सोसतो, अडवणारा सोसायला लावतो : हा भेद ‘ब्लॉक’ पुसून टाकतो, मराठी तो राखते.

‘रेस्क्यूअर’ या संज्ञेतही असाच विचार हवा. नवा कामकरी निर्माण करण्यास स्मृती लागते. आणि स्मृती मोकळी करण्याचे कामच कधी कामकऱ्यावाचून अडलेले असते. या पेचासाठी, स्मृती मोकळी करण्याच्या वाटेवर असलेल्या रांगांकरिता एक कामकरी आधीच बाजूला ठेवलेला असतो. ‘तारणहार’ म्हटल्याने पराक्रम तेवढा दिसतो. त्याचे मर्म मात्र आधी राखून ठेवण्यात आहे. शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे खाणार नाही. त्या न्यायाने ‘राखीव कामकरी’ हीच संज्ञा अधिक सार्थ होय.

भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली, तेव्हापासूनची आपली परिभाषा मुख्यतः शब्दाला प्रतिशब्द या रीतीने घडत आली. २०२१-२२ पासून अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण मराठीतून घेण्यास अनुमती मिळाल्यावर ही रीत अपुरी पडणार, हे उघड आहे; कारण आता संज्ञा केवळ फलकावर मिरवायची नसून तिच्या आधारे विद्यार्थ्यास अनुमान करावयाचे आहे. ‘स्लीप’ला मराठीत काय म्हणतात, हा प्रश्न मुळात चुकीचा होता. हा कामकरी का थांबला आहे आणि त्याच्या हाती काय आहे, हे आधी विचारले असते, तर उत्तर मराठीने स्वतःहून दिले असते. त्या विद्यार्थ्याने आपले वाक्य पुढे असे सुधारले : ‘जास्तीचा रिकामा कामकरी पाच मिनिटांनी कमी केला जातो, खोळंबलेल्यास हात लावीत नाहीत.’ त्यात आम्हांस आणखी काही दुरुस्त करावे लागले नाही.