गणिताची स्तरनिश्चिती चाचणी : दिसणारी आणि न दिसणारी चूक

अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यावर विद्यार्थ्याने गणिताच्या कोणत्या अभ्यासक्रमापासून आरंभ करावा, हे ठरविण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचणीस तेथे ‘प्लेसमेंट टेस्ट’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द नोकरीच्या संदर्भात रूढ असल्याने येथे ‘स्तरनिश्चिती चाचणी’ ही संज्ञा योजिली आहे. कॉलेज बोर्डाची ‘अ‍ॅक्युप्लेसर’ ही अशीच एक संगणकीय चाचणी असून तिच्या एका विभागात सुमारे २० प्रश्न असतात. गुण ठरावीक मर्यादेखाली गेल्यास विद्यार्थ्यास उपचारात्मक वर्गात पाठविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. या वर्गाचे शुल्क भरावे लागते, वेळही जातो. मात्र त्याचे श्रेयांक सामान्यतः पदवीसाठी धरले जात नाहीत.

या पद्धतीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपुऱ्या तयारीचा विद्यार्थी वरच्या वर्गात गेला, तर तो अनुत्तीर्ण होतो आणि ही चूक सर्वांना दिसते. याउलट, सक्षम विद्यार्थी खालच्या वर्गात पडला, तर तो तेथे सहज उत्तीर्ण होतो. संस्थेच्या नोंदीत ते यशच ठरते. मधल्या काळात त्याने शिक्षण सोडले, तरी त्याचे खापर चाचणीवर फुटत नाही. म्हणूनच दुसरी चूक दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणिताची चाचणी देणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांची स्तरनिश्चिती गंभीररीत्या चुकल्याचे आढळले. त्यांत खालच्या वर्गात ढकलले गेलेल्यांचे प्रमाण अधिक होते. शालेय गुणांचा विचार केल्यास या चुका कमी होतात, असेही त्यातून दिसून आले.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ‘असेंब्ली बिल ७०५’ संमत करून कम्युनिटी कॉलेजांतील स्तरनिश्चितीचा भर शालेय कामगिरीवर दिला. तथापि शालेय श्रेणी हेही निर्दोष माप नव्हे. त्याच राज्यातील सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नोव्हेंबर २०२५ मधील अहवालानुसार माध्यमिक शाळेच्या पातळीखाली गणिताची तयारी असलेल्या नवागतांची संख्या २०२० ते २०२५ या काळात सुमारे तीसपट झाली. त्यांपैकी अनेकांच्या शालेय श्रेणी उत्तम होत्या. ही तफावत उघड होण्यास स्तरनिश्चिती चाचणीचेही साहाय्य झाले, हे विसरता येणार नाही.

तात्पर्य, दोष मापनाचा नसून एकाच मापावर विसंबून घेतलेल्या निर्णयाचा आहे. अपूर्णांक कच्चे आहेत की समीकरणे, हे सांगणारी चाचणी अध्यापकास उपयुक्त ठरते. केवळ एका आकड्यावरून विद्यार्थ्याचे वर्ष ठरविणारी चाचणी अन्यायकारक ठरू शकते. शालेय श्रेणी व चाचणी यांचा एकत्रित विचार, मूळ अभ्यासक्रमासोबतच दिलेले पूरक अध्यापन आणि खालच्या वर्गात पाठविलेल्यांचा पदवीपर्यंतचा मागोवा, या तीन गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. यांतील तिसरी गोष्ट टाळली, तर न दिसणारी चूक पुढेही यश म्हणूनच नोंदली जाईल.