अद्भुत कादंबरीतील हिंसा आणि स्त्रीपात्रांचे नाव

हिंसाप्रधान अद्भुत कादंबरीतील स्त्रीपात्रांची चर्चा बहुधा अत्याचारांच्या गणतीपाशी येऊन थांबते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'ए साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेवर असा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. युद्धाच्या चित्रणातून स्त्रियांवरील अत्याचार वगळणे हा अप्रामाणिकपणा ठरेल, असे त्यावर लेखकाचे उत्तर आहे. ज्या जगात ड्रॅगन उडतात त्याने इतिहासाची साक्ष काढावी यात काहीशी गंमत असली, तरी ते उत्तर सर्वस्वी त्याज्य नव्हे. मात्र आक्षेप आणि उत्तर या दोहोंतूनही एक प्रश्न निसटतो: अत्याचाराचे निवेदन कोणाच्या दृष्टीतून होते?

या मालेत प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या दृष्टीतून सांगितलेले असते आणि सामान्यतः त्या पात्राचे नाव हेच प्रकरणाचे शीर्षक असते. १९९६ च्या पहिल्या खंडात, उपोद्घात वगळता, हा अधिकार आठ पात्रांना आहे. त्यांत कॅटलिन, सान्सा, आर्या आणि डेनेरिस या चार स्त्रिया आहेत. राणी सर्सीला तो २००५ च्या चौथ्या खंडात मिळाला. तोवर ती इतरांच्या नजरेने पाहिलेली खलनायिका होती. २०११ च्या पाचव्या खंडात तिची नगरातून विवस्त्र धिंड निघते, ती मात्र तिच्याच दृष्टीतून. प्रसंग क्रूर आहे. पण त्या अपमानाची अनुभवकर्ती सर्सी आहे, पाहणारा जमाव नव्हे. हा भेद लहान नाही.

दृष्टीचा अधिकार नसलेल्या पात्रालाही वाणी देता येते, याचे उदाहरण पहिल्याच खंडात आहे. मिरी माझ दूर ही लुटलेल्या गावातील वैदू स्त्री. डेनेरिस आपण तिला वाचविले असे मानते. पण देऊळ जळाल्यावर, माणसे मेल्यावर आणि स्वतःवर बलात्कार झाल्यावर नेमके काय वाचले, असा तिचा प्रतिप्रश्न आहे. डेनेरिस तिला चितेवर जाळते. परंतु तो प्रश्न जळत नाही, आणि डेनेरिसविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या वाचकालाही तो अस्वस्थ करतो.

जेन पूलच्या वाट्याला एवढेही येत नाही. विंटरफेलच्या कारभाऱ्याची ही मुलगी. तिला आर्या म्हणून उभे केले जाते आणि रॅम्झी बोल्टनशी तिचा विवाह लावला जातो. विंटरफेलवरील बोल्टनांच्या हक्काला ते नाव हवे असते. तिच्यावरील अत्याचार थिऑनच्या दृष्टीतून, त्याच्या भीतीच्या व लज्जेच्या अंगाने येतो. थिऑनचेही नाव छळाने हिरावलेले आहे. पाचव्या खंडातील त्याच्या सात प्रकरणांपैकी पहिल्या तिहींचे शीर्षक 'रीक' हे त्याच्यावर लादलेले नाव आहे. पुढे उपाध्या येतात आणि सातव्यावर 'थिऑन' हे नाव परत येते. त्याच प्रकरणात तो जेनला घेऊन तटावरून उडी टाकतो. तिची सुटका त्याच्या नामप्राप्तीचे साधन झाली. आर्या व सान्सा यांच्या प्रकरणांचीही शीर्षके बदलतात, परंतु प्रकरणे त्यांचीच राहतात. जेनच्या नावाचे शीर्षक पाच खंडांत कोठेही नाही.

रचनेच्या मर्यादेमुळे हे अपरिहार्य होते, असे म्हणता येत नाही. त्याच पाचव्या खंडात मेलिसांद्रेला एक प्रकरण मिळाले आहे. चौथ्यात आरिस ओकहार्ट या गौण सरदारालाही एक मिळाले आहे. एका प्रकरणापुरती दृष्टी देणे लेखकाला वर्ज्य नव्हते. जेनला ती दिली नाही, ही निवड आहे.

या निवडीचे परिणाम कादंबरीपुरते राहिले नाहीत. 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेच्या २०१५ मधील पाचव्या पर्वात जेनच्या जागी सान्साचा रॅम्झीशी विवाह दाखविला गेला. सान्सा ही पहिल्या खंडापासून स्वतःची दृष्टी असलेली नायिका. तिच्या आगमनाने प्रसंगाची दृष्टी बदलणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात विवाहरात्रीच्या दृश्याच्या शेवटी कॅमेरा थिऑनच्या मुखावर स्थिरावतो आणि सान्साचा केवळ आक्रोश ऐकू येतो. दृश्यावर मोठी टीका झाली, ती बहुतांशी ते दाखवावे की न दाखवावे याविषयी. जेनची जागा सान्साकडे गेली, आणि जागेबरोबर जेनचे मौनही.