पंचवीस सेंटची पिन

रॉबर्ट पिर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे मोटरसायकलवर निघालेले वडील आणि मुलगा, आणि वाटेत वडिलांनी मनाशी चालवलेले चिंतन, असे त्याचे स्वरूप आहे. पुस्तकाची चर्चा होते ती बहुधा त्यातल्या तत्त्वज्ञानाची. मला मात्र सुरुवातीच्या प्रकरणांतला तापलेल्या इंजिनाचा प्रसंग त्या तत्त्वज्ञानाइतकाच मोलाचा वाटतो. इंजिन का तापते, हे शोधताना माणसाचे लक्ष कुठे असावे लागते, ते इतक्या थोड्या जागेत क्वचितच कुणी सांगितले असेल.

घडते ते असे. भरधाव गाडीचे पिस्टन उष्णतेने फुगतात आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतात. इंजिन जाम होते, त्याबरोबर मागचे चाकही, आणि गाडी घसरते. वेग ताशी तीस मैलांच्या आसपास उतरला की इंजिन पुन्हा मोकळे होते. निवेदक गाडी गॅरेजमध्ये देतो, कारण त्या किचकट तपशिलात स्वतः शिरण्याइतके हे काम त्याला महत्त्वाचे वाटत नाही. ही कबुली पिर्सिग अगदी सहज देतात, पण पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ तिच्यात आहे. बेपर्वाईची सुरुवात गॅरेजच्या दाराबाहेरच झालेली असते.

आत रेडिओ मोठ्याने चालू आहे, पोरांची थट्टामस्करी चालली आहे. त्यांतला एक जण इंजिनाचा आवाज ऐकतो न ऐकतो तोच निदान करून मोकळा होतो: टॅपेट. खरे तर तो पिस्टनचा आवाज असतो. मग १४० डॉलरचे बिल. निवेदक हजार मैल गाडी जपून चालवतो, नंतर वेग वाढवतो, आणि पंचाहत्तरच्या सुमाराला इंजिन पुन्हा जाम होते, तिशीला पुन्हा सुटते.

लेखकाचे कौशल्य या आकड्यांत आहे. पंचाहत्तरला अडकते, तिशीला सुटते, आणि तेही दोनदा. उत्तराचा धागा त्यांनी वाचकाच्या हातात उघडपणे ठेवला आहे. इंजिन सरसकट तापत नाही, वेगात तापते. मग वेग वाढला की आत नेमके काय कमी पडते, एवढाच प्रश्न विचारायचा होता. गॅरेजवाले स्वतः गाडी वेगाने पळवून बघतात, त्यांच्याही हातात ती जाम होते, तरी हा प्रश्न कुणाला पडत नाही. ते सिलिंडर बदलतात, कार्बोरेटरला मोठे जेट घालतात, इग्निशनचे टायमिंग मागे घेतात आणि वर सांगतात, फार पळवू नका. हे सगळे उपाय उष्णतेवरचे आहेत. कारण जिथल्या तिथेच राहते.

पुढे पान्याचे वर्णन येते. चुकीच्या मापाला लावलेला पाना टॅपेटच्या झाकणांच्या कडा खाऊन टाकतो. मग छिन्नी आणि हातोडा. हातोडा निसटतो आणि हेडवरच्या दोन पात्यांचे तुकडे उडतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकतात त्या याच पात्या. ज्या हातांनी इंजिन थंड करायचे, त्यांनीच त्या मोडल्या. पिर्सिग इथे आवाज चढवत नाहीत, फक्त घडले ते क्रमाने मांडत जातात. त्या संयमामुळेच वाचकाला ते दृश्य सोसवत नाही.

खरे कारण निवेदकाला काही आठवड्यांनी सापडते. आत तेल पोहोचवणाऱ्या यंत्रणेतली एक बारीक पिन तुटलेली असते. तिच्यामुळे जास्त वेगात हेडपर्यंत तेल जात नसते. पिनेची किंमत पंचवीस सेंट.

ती पिन कशी सापडली, हे मात्र लेखक सांगत नाहीत. पहिल्या वाचनात ही उणीव खटकते. तिची भरपाई पुढे होते, शास्त्रीय पद्धतीने यंत्राचा दोष कसा शोधावा हे सांगणाऱ्या प्रकरणात. तिथे पिर्सिग बजावतात की प्रश्न मांडताना खात्रीने जेवढे माहीत आहे त्यापलीकडे एक शब्दही घालू नये. गाडी का चालत नाही, हा प्रश्न बाळबोध वाटला तरी बरोबर आहे. विजेच्या यंत्रणेत काय बिघडले, हा प्रश्न शहाणा वाटला तरी अर्धे उत्तर गृहीत धरतो. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचले की त्या पोराची चूक नेमकी दिसते. 'टॅपेट' म्हणताना त्याने प्रश्नाच्या जागी उत्तर ठेवले होते.

हा धडा चारचाकीलाही जसाच्या तसा लागू पडतो. तापमानाचा काटा वर जातो, पण कधी? सिग्नलला उभे असताना जात असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर संशय पंख्यावर. वेगात किंवा चढावर जात असेल, तर तुंबलेला रेडिएटर किंवा अशक्त झालेला वॉटर पंप. इंजिन पुरते तापूनही रेडिएटरचा खालचा पाइप गार राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. गळती कुठेच दिसत नाही, तरी कूलंट कमी होते, तेल दुधाळ दिसते, तर हेड गॅस्केट. हे न विचारता नवा रेडिएटर बसवणारा मेकॅनिक आणि ते रेडिओवाले गॅरेज यांत फरक नाही.

पिर्सिग यांच्या मते ती मुले कामात असून प्रेक्षकासारखी वागत होती, हाताखालच्या यंत्राशी त्यांचे नातेच नव्हते. मला हे निदान शंभर टक्के पटते. दोष शोधण्याला हुशारीपेक्षा आस्था आधी लागते, हे या पानांइतके स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेले नाही. पुस्तकातले तत्त्वज्ञान जड वाटले तर खुशाल मागे ठेवा, पण ही पाने वाचा. आणि पुढच्या वेळी गाडी तापली, तर मेकॅनिककडे नेण्याआधी ती केव्हा, कुठे आणि किती वेगात तापली, ते कागदावर लिहून न्या.