‘गेली’ आणि ‘काढली’ : ऋतुनिवृत्तीच्या मराठी भाषेविषयी

दिवाळी अंक घाटनांदूरला पोचतात, त्याच सुमाराला गावातल्या आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या कित्येक घरांना कुलपं लागतात. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मी परळी–लातूर रोड लोहमार्गावरच्या याच गावात वाढले. पुढे मराठी शिकवण्याची नोकरी लागली, तरी माझी अर्धी नाती अजून कोयत्याशी बांधलेली आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय त्या नात्यांतूनच आला.

माझी पाळी पन्नासाव्या वर्षी थांबली. त्याआधीची तीन वर्षं ती कधी दोन महिन्यांनी यायची, कधी पंधरा दिवसांत. रात्री अंगातून वाफा निघायच्या, पहाटे तीनला जाग यायची. मी पुस्तकं चाळली, डॉक्टरीणबाईंना विचारलं, मैत्रिणींशी बोलले. एकदा सुट्टीत गावी गेले असता हे सगळं धाकट्या मावसबहिणीला सांगत होते. ती शांतपणे भाकरी थापत होती. म्हणाली, “आक्का, तुला आत्ता कुठं लागलं व्हय हे? माझं तं तवापासूनच चालू हाय. पिशवी काढल्यापासून.” पिशवी काढली तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. आज सेहेचाळीस. म्हणजे भारतीय बायकांची पाळी साधारणपणे ज्या वयात थांबते, त्या वयाला ती आत्ता पोचली आहे, पण तिच्या अंगात तो बदल तेरा वर्षांपूर्वीच सुरू झालेला होता. आणि या तेरा वर्षांत त्या त्रासाला ऋतुनिवृत्ती म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगाला ‘उष्णता’ झाली म्हणून ती सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिली.

त्या संध्याकाळपासून एक प्रश्न मी मराठी लेखनाला विचारते आहे. बाईच्या आयुष्यातल्या या टप्प्यासाठी आपल्याकडे भाषा आहे का? असली, तर ती कुणाची आहे?

पाळीच्या सुरुवातीसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. न्हाण येणं, पदर येणं, शहाणी होणं. दर महिन्यासाठी बाहेर बसणं, कावळा शिवणं, अडचण येणं. पहिल्या न्हाणाला ओटी, साडी, गोडधोड असा सोहळा होता. शेवटासाठी मात्र बोलीभाषेत एकच क्रियापद आहे: पाळी ‘गेली’. समारंभ नाही, गाणं नाही. छापील मराठीनं रजोनिवृत्ती, ऋतुनिवृत्ती हे संस्कृत शब्द घडवले. ‘निवृत्ती’ म्हणजे नोकरीतून बाहेर पडणं, मागे पेन्शन असणं. हा शब्द पगारदार घरात शोभतो. ऊसतोडीत निवृत्ती नसते. शहरी बोलण्यात आता ‘मेनोपॉज’ रुळला आहे. हे सगळे शब्द माझ्यासाठी होते. माझ्या बहिणीसाठी एकच होता: ‘पिशवी काढली’.

व्याकरणाकडे जरा बारकाईनं पाहू. ‘गेली’ अकर्मक आहे. पाळी आपली आपण जाते. ‘काढली’ सकर्मक आहे, कुणीतरी काढतं. पण बोलताना बाई कर्ता वगळते. डॉक्टरनं काढली, मुकादमाच्या उचलीतून काढली, सासूच्या म्हणण्यावरून काढली, यातलं काहीच वाक्यात येत नाही. त्यापुढे लगेच येतं ते ‘मोकळी झाले’. बाळंतपणानंतरही बाई मोकळी होते आणि पिशवी काढल्यावरही. बाळंतपणातली मोकळीक खरी असते. ऑपरेशननंतरची मोकळीक फक्त पाळीपुरती असते, पण शब्द एकच असल्यामुळे पुढे जे होतं ते सांगायला जागाच राहत नाही. मोकळ्या झालेल्या बाईनं तक्रार कशाची करायची?

आता साहित्याकडे येते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’मध्ये बाळंतिणीची भूक आहे, आनंद यादवांच्या ‘झोंबी’त मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली आईची एकामागून एक बाळंतपणं आहेत, ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये बाईच्या शरीराविषयी मोकळेपणा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून लैंगिक आरोग्याविषयी उघड बोलण्याची वाट पाडली. १९३० साली सुरू झालेल्या ‘स्त्री’ने आणि १९८९ पासूनच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने बायकांच्या अनुभवाला छापील जागा दिली. गौरी देशपांडे यांच्या नायिका चाळिशी ओलांडल्यावरही स्वतःचा विचार करतात, हे त्या काळी थोडं नव्हतं. हे ऋण मानूनच मी म्हणते, की ऋतुनिवृत्ती हा अनुभव म्हणून आपल्या लेखनात आला तो मुख्यतः शहरी, शिकलेल्या, पन्नाशीकडं झुकलेल्या बाईचा.

ग्रामीण कथा-कादंबरीत माझ्या वाचनात वेगळीच गोष्ट घडते. बाई लेकुरवाळी असते आणि पुढच्या प्रकरणात सासू होते. मधली वर्षं गळून पडतात. सासू, आजी, म्हातारी ही नात्याची नावं शरीरावर पांघरूण घालतात. लेखक बहुधा मुलगा असतो आणि मुलाला आईच्या अंगातल्या वाफा दिसत नाहीत, हे समजू शकते. पण समीक्षेनंही ही गळती कधी फारशी मोजली नाही. ग्रामीण साहित्याची चर्चा करताना आपण दुष्काळ मोजला, जात मोजली, बाजारभाव मोजले. तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी थांबलेली पाळी मोजली नाही.

मोजलं ते सरकारनं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन पाहण्यांची पद्धत एक नाही, तरी अंतर डोळ्यांत भरतं.

मला थांबवलं ते पुढच्या आकड्यानं. ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के बायकांनी झोप न लागणं, सांधे दुखणं, पाठ दुखणं अशा तक्रारी सांगितल्या. ऋतुनिवृत्तीच्या पुस्तकात मी वाचलेली हीच तर यादी. पाठ आणि सांधे मोळ्या वाहूनही दुखतात, हे खरं. पण सार्वजनिक चर्चेत या तक्रारी ‘ऑपरेशननंतरचा त्रास’ म्हणूनच फिरल्या. ऋतुनिवृत्ती हा शब्द तिथं आलाच असता, तर प्रश्न बदलला असता. ‘ऑपरेशन का केलं’ याबरोबर ‘आता पुढची पंधरा वर्षं या बाईच्या हाडांचं काय’ असं विचारावं लागलं असतं.

वर्तमानपत्री लेखनाचा दोष वेगळा आहे. गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव, अशी एक प्रतिमा त्यानं उभी केली आणि तिथंच थांबलं. त्यात बाई फक्त फसवली गेलेली दिसते. तिचा हिशेब दिसत नाही. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकलं की खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून कापले जाणार. कोपीत राहायचं, संडास नाही, पाण्याची वानवा, पाळीतही पहाटे मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. दोन-तीन लेकरांनंतर नसबंदी झालेली. त्यात अंगावरून पांढरं जायला लागलं आणि कुणी ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ म्हटलं, तर काढून टाकावी असं वाटणं हा अडाणीपणा नव्हे. तिच्या हातात जी माहिती होती, तिच्यावर तिनं केलेला तो हिशेब आहे. त्या हिशेबातून एक आकडा लपवला गेला, तो म्हणजे ऑपरेशननंतरच्या वर्षांचा.

तो आकडा कुठं असतो, हे मला बहिणीच्या पेटीत सापडलं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं डिस्चार्ज कार्ड. इंग्रजीतलं, शाई उडत चाललेली. त्यात एक ओळ: टोटल अब्डॉमिनल हिस्टरेक्टमी विथ बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टमी. म्हणजे गर्भाशय, दोन्ही गर्भनलिका आणि दोन्ही अंडाशयं. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं संप्रेरकं तयार करत राहतात. फार तर ती काही वर्षं आधी थकतात. दोन्ही अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन एका रात्रीत कोसळतं. माझ्या शरीरानं जे काही वर्षांत हळूहळू केलं, ते तिच्या शरीरावर एका दिवसात आलं. पंचेचाळिशीच्या आत असं झालं, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अशा बाईला, दुसरी काही अडचण नसल्यास, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकांचे उपचार द्यावेत, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावं, हाडांची घनता तपासावी, असं वैद्यकशास्त्र सांगतं. तिला यातलं काहीच मिळालं नाही. कार्ड तेरा वर्षं घरात होतं आणि घरातल्या कुणाला ते वाचता येत नव्हतं.

मराठीच्या अभ्यासकाला संहिता वाचायची सवय असते. माझ्या नात्यातली सगळ्यात महत्त्वाची संहिता मी तेरा वर्षं वाचली नव्हती, हे मला इथं नोंदवायला हवं. मी ‘झोंबी’तल्या आईवर तास घेत होते आणि सुट्टीत भेटणाऱ्या बहिणीला ‘मोकळी झालीस बाई’ म्हणत होते. तो शब्द मीही वापरला होता.

साहित्यानं आरोग्यशिक्षण करावं, असं माझं म्हणणं नाही. ते दवाखान्याचं काम आहे. पण बोलीत जिथं कर्ता वगळला जातो, तिथं तो शोधणं हे लेखकाचं आणि समीक्षकाचंही काम आहे. ‘काढली’ म्हटल्यावर कुणी, काय काय, किती वयात, हे विचारणारी कथा हवी. कोपीत रात्री अंग भाजत उठून बसणाऱ्या पस्तिशीतल्या बाईचं अंतरंग लिहिणारी कादंबरी हवी, जिच्यात ती सासूही नसेल आणि बातमीतला आकडाही नसेल. ती बाई स्वतःच लिहिल, तर उत्तमच. तिच्या मुली आता शिकताहेत.

उन्हाळ्यात बहीण परतली, तेव्हा तिला घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. जाण्याआधी तिनं एक काम सांगितलं. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी मराठीत लिहावं, सुनेला वाचता येईल असं. मी बॉलपेननं लिहिलं: पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत, वय ३३. सुनेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बहिणीनं विचारलं, “मंजे दोन्ही काढले? मला तं एक पिशवीच म्हणले होते.”