साम्राज्याचा प्रेमळ चेहरा : मेडोज टेलर वाचताना

‘आपल्याकडे इंग्रज आलेच नाहीत, आपण निजामाचे’ हे वाक्य आम्ही राजेश्वरात लहानपणापासून ऐकत आलो. इंग्रजी साम्राज्याचा इतिहास म्हणजे प्लासी, पुणे आणि झाशी; आपला इतिहास म्हणजे रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८, अशी वाटणी आमच्या मराठी घरांनी कधीच करून टाकली आहे. ही वाटणी कितपत खरी, हे ताडून पाहण्यासाठी फिलिप मेडोज टेलर यांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र आम्ही पुन्हा वाचावयास घेतले. लेखकाच्या निधनानंतर, १८७७ साली ते प्रसिद्ध झाले.

टेलर १८२४ साली निजामाच्या फौजेत रुजू झाले. ही फौज नावाची निजामाची. पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. तिचा खर्च थकला, थकबाकीचे कर्ज झाले आणि त्या कर्जापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गकडचा मुलूख व रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेला. आपल्यावर पहारा ठेवणाऱ्या फौजेचा खर्च आपणच भरावयाचा, आणि तो भरता आला नाही तर मुलूख द्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती. राजेश्वरहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की उमरग्यापुढे नळदुर्ग लागते. त्याच नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलर यांनी पाहिला. मग इंग्रज आलेच नाहीत असे कसे म्हणावे? ते आले, पण वहीखात्यातून आले.

ग्रंथ वाचनीय आहे, यात शंका नाही. रयतेविषयीचा जिव्हाळा, भाषेची जाण, जमीनमोजणीतील चिकाटी हे सारे खरे वाटते. परंतु आम्ही स्वतः सरकारी नोकरीत आयुष्य घालविले आहे. वर्षअखेरच्या अहवालात ‘शेतकरी वर्गात समाधान आहे’ हे वाक्य आम्हीही लिहिले आहे, आणि ते लिहिताना एकाही शेतकऱ्यास विचारलेले नव्हते. म्हणून टेलर यांच्या पानापानांवर भेटणारी कृतज्ञ रयत पाहून आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते. अधिकारी खोटे बोलत नसतो. त्याच्यासमोर लोक जे बोलतात तेवढेच त्याला ऐकू येते.

ग्रंथाची खरी कसोटी सुरपूरच्या प्रकरणात लागते. अल्पवयीन राजा वेंकटप्पा नायक यांच्या संस्थानाचा कारभार टेलर यांनी १८५३ पर्यंत पाहिला. राजा त्यांना ‘अप्पा’ म्हणे. १८५८ च्या फेब्रुवारीत सुरपूर उठले, राजा हैदराबादेत पकडला गेला, आणि तुरुंगात त्याला भेटावयास गेले ते हेच अप्पा. साथीदारांची नावे सांगण्यास राजाने नकार दिला, हे टेलर यांनीच नोंदविले आहे. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. पण वाटेत राजा गोळी लागून मरण पावला. त्याने ती स्वतःच झाडून घेतली, असे टेलर सांगतात, आणि लगेच पत्रिकेतील भाकिताकडे वळतात. येथे लेखणी हळवी होते आणि प्रश्न मागे पडतो. ज्याला पोटच्या मुलासारखे वाढविले, त्याला बंड का करावेसे वाटले? दोष त्याच्या सल्लागारांवर व नशिबावर जातो. व्यवस्थेवर येत नाही. १८६० साली सुरपूर निजामाला बक्षीस म्हणून मिळाले. त्याच तहाने नळदुर्ग आणि रायचूरही परत आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

कादंबऱ्यांतही हेच घडते. ‘तारा’ तुळजापूर-अफझलखानाच्या काळातली, ‘राल्फ डार्नेल’ प्लासीची आणि ‘सीता’ सत्तावनची. १६५७, १७५७, १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांची ही चौकट. तीत सत्तांतर ऋतूंसारखे आपोआप घडताना दिसते. तह, कर्ज आणि तैनाती फौज नजरेआड होतात.

तरीही टेलर वाचावेत, असेच आम्ही म्हणू. साम्राज्याचा क्रूर चेहरा ओळखण्यास अभ्यास लागत नाही. प्रेमळ चेहरा ओळखण्यास लागतो. मात्र एकट्या टेलर यांच्या साक्षीवर निकाल देऊ नये. दुसरी बाजू आपल्याच घरांतील पेट्यांत आहे : मोडीतील कुळवार हिशेब, फारसी सनदा, देशमुखी-कुलकर्णीपणाचे कागद. माळवदाची घरे पाडून स्लॅबची घरे बांधताना हे कागद चुलीत जाताना आम्ही पाहिले आहेत. मोडी वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नातवंडे कन्नड शाळेत शिकतात, याचे आम्हांस वाईट वाटत नाही; सुरपूरचा राजा त्यांना तेथेच भेटतो. परंतु आपल्या आजोबांचा सारा कोणाच्या फौजेसाठी गेला, हे त्यांना सांगणारा कागद आपण जाळला, तर त्यांच्या हाती फक्त साहेबाची गोष्ट उरेल, आणि ती फार गोड लिहिलेली आहे.